कोऱ्या ढालीतली भोकं

मंगळवारी सकाळी नऊ चाळीसची बस माउंटनवरून खाली उतरायला लागली की मला हटकून पेंग यायची. झोप नव्हे, पेंग. कॅनडातल्या आमच्या हॅमिल्टनमध्ये ज्याला माउंटन म्हणतात तो काही डोंगर नाही, एक लांबलचक कडा आहे. माझं घर वर, जुनं शहर खाली, आणि त्याच्याही पलीकडे तळ्याकाठी पोलादाच्या कारखान्याच्या चिमण्या. वळणावर त्या दिसायच्या. त्यांतला धूर वर जाता जाता वळायचा, त्याला फांदी फुटायची, फांदीला पान, पानातून आणखी एक पान, आणि मी खालच्या स्टॉपवर उतरेपर्यंत अर्धं आभाळ नक्षीनं भरलेलं असायचं. त्र्याहत्तराव्या वर्षी बाईला असं काही दिसायला लागलं की मुलं डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतात, म्हणून हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी सुनेत्रा. चौऱ्याहत्तर साली माझे यजमान चारुदत्त या कारखान्यात धातुतज्ज्ञ म्हणून आले आणि त्यांच्या मागून मी आले. नागपूरहून निघताना येतेस का असं मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तोंड उघडून काही सांगितलं नाही. माझं हे असंच. जीभ तिखट, मान मात्र होकारार्थी हलणारी. घर माउंटनवर घ्यायचं हे त्यांनी ठरवलं, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागायचं हेही त्यांनीच. एकतीस वर्षं मी तिथे मायक्रोस्कोपखाली लोकांचं रक्त पाहिलं. वाईट नव्हतं काही. चारुदत्त माणूस लाखातला होता, फक्त त्यांना प्रश्न विचारायची सवय नव्हती.

तीन वर्षांपूर्वी ते गेले आणि ठरवायचं काम राजसकडे आलं. राजस माझा मुलगा, कॅल्गरीला एका तेल कंपनीत इंजिनियर. त्यानं आणि सूनबाई ऊर्मीनं माझ्यासाठी आख्खं बेसमेंट तयार करून घेतलं. वेगळा वॉशरूम, छोटा ओटा, तुळशीपुरती उन्हाची खिडकी. दर रविवारी फोनवर तो म्हणायचा, "आई, एव्हरीथिंग इज सेट. तू फक्त बॅग भर." आणि मी म्हणायची, "अरे, पण माझा मंगळवार आहे ना." दोन वर्षं मी या एका मंगळवारावर तग धरून होते. मग या सप्टेंबरात त्यानं शांतपणे सांगितलं, "दिवाळीपर्यंत फायनल सांग. तुला आणखी एक विंटर एकटीनं बर्फ शोव्हल करताना मी बघू शकत नाही." पोरगं प्रेमानंच बोलत होतं. माणसानं प्रेमानं विचारलं की मला नाही म्हणताच येत नाही, आणि मला जायचं नव्हतं.

मंगळवार म्हणजे काय, ते सांगते. खालच्या शहरात एका जुन्या कारखानदाराच्या घरात छोटंसं संग्रहालय आहे. त्या गृहस्थानं साठसत्तर वर्षांपूर्वी युरोपातून नक्षीच्या छापांच्या पेट्याच्या पेट्या आणल्या होत्या. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे नक्षीकार तांब्याच्या पत्र्यावर नमुने कोरायचे. वेलबुट्ट्या, शिंपले, फुलदाण्या, फळांच्या माळा, गालफुगवी बाळं. मग ते कागदावर छापून गावोगाव विकायचे. चांदीकाम करणारा, लाकूड कोरणारा, छताला गिलाव्याची फुलं काढणारा, भरतकाम करणारी, ज्याला लागेल तो तो कागद घ्यायचा, भिंतीला टांगायचा आणि त्यावरून आपलं काम उचलायचा. वापरलेले कागद फाटून, तेलकट होऊन, जळून गेले. आज पेट्यांमध्ये आहेत ते बहुतेक न वापरलेलेच. कामाला आले ते संपले, असा सगळा प्रकार.

दर मंगळवारी मी तिथे मदतीला जायची, आणि माझं काम सोपं होतं. पेटीतून एकेक छाप काढायचा, मोजायचा, काळ्या पुठ्ठ्यावर ठेवून फोटो घ्यायचा, जुन्या यादीतला मजकूर कॉम्प्युटरवर चढवायचा. पेन नको, पिशवी नको, पाणी नको, हात धुऊन बसायचं. असं बसलं की तासाभरात खोली लांब जायची. एकेका पानाच्या कडेकडेनं डोळा चालायला लागला की रेघा मला उंच वाटायच्या, कुंपणाएवढ्या, आणि मी त्यांच्या मधल्या पांढऱ्या वाटेनं चाललेली असायची. वाट वळायची. वळणाआड कुणीतरी गुणगुणत असायचं. बरेचदा ती माझी आईच असायची. मग ज्योसेलिन कॉफीला हाक मारायची आणि मी एवढ्या लांबून परत यायची की माझे पाय दुखायचे.

ज्योसेलिन तिथली प्रमुख. माँट्रियालची, पन्नाशीची, इंग्रजी बोलता बोलता फ्रेंचमध्ये घसरणारी. तिला नक्षी आवडते पण तिचा खरा जीव कागदावर. कागदाला घाम लागला तरी तिच्या कपाळाला आठी पडते. मला ती "मा शेर सुनेत्रा", म्हणजे लाडकी सुनेत्रा, म्हणायची, आणि माझ्याएवढे स्थिर हात दुसऱ्या कुणाचे नाहीत असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. चारुदत्त गेल्यानंतर मला कुणी स्वतःहून काही चांगलं म्हटलं असेल तर ते एवढंच, आणि मी ते जपून ठेवलं होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी तो छाप हाती आला. मधोमध मोठी ढाल, भोवती पानांचा नुसता पूर, वर मुकुट, खाली दोन सिंह जिभा काढून. ढालीचा आतला भाग कोरा. तो मुद्दामच कोरा ठेवायचे. ज्या सरदाराचं काम असेल त्याचं घराण्याचं चिन्ह कारागिरानं तिथे भरायचं. यादीत या छापापुढे लिहिलं होतं, "मध्यभागी किडीची भोकं."

मी भोकं पाहिली. साठेक असतील, सगळी त्या कोऱ्या जागेत, पानांवर एकही नाही. किडीला एवढी शिस्त? कीड पोटासाठी चालते. शाई, डिंक, कागद, जे मिळेल ते खात वेडीवाकडी जाते. ही भोकं सारख्या अंतरावर, सारख्या जाडीची होती. मी उलट्या बाजूनं बोट न लावता, नुसतं तिरपं पाहिलं. प्रत्येक भोकाच्या कडा मागच्या बाजूला किंचित वर आलेल्या. समोरून सुई टोचली की तसं होतं. हे मला माहीत होतं, कारण माझं बालपण अशा कागदांच्या ढिगाऱ्यात गेलं आहे.

नागपूरला धरमपेठेत आमच्या दोन खोल्या होत्या आणि आई भरतकामाची कामं घ्यायची. नमुन्याचा कागद घडी घातलेल्या घोंगडीवर ठेवायचा आणि रेघेवरून सुईनं टोचत जायचं. त्याला ती खाका म्हणे. मग तो कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं फिरवायची, की कापडावर ठिपक्यांचं चित्र उठतं. टोचायचं काम माझ्याकडे. "अंतर सारखं ठेव गं," एवढंच ती म्हणायची. आणि मी विचारलं, की आई, हे काय निघणार आहे, तर म्हणायची, "पूड पडल्याशिवाय काही कळत नाही."

मी ज्योसेलिनला सांगितलं. तिनं भिंग लावून पाहिलं, मान हलवली. "असेल. पण रेघांवर नाहीत ना? टोचायचं तर रेघांवर टोचतील." कागद उजेडाला धरून पाहिला. नुसत्या चांदण्या दिसल्या. निम्मी भोकं दमटपणानं मिटत आली होती आणि मधे एक मोठा डागही होता. मी फोटो घेऊन घरी आले आणि प्रिंट काढून पेन्सिलनं ठिपके जोडत बसले. एकदा बूट झाला, एकदा ओंटारिओचा नकाशा, एकदा चक्क आमचे शेजारी. रविवारी राजसचा फोन आला तेव्हाही मी ठिपकेच जोडत होते. "आई, यू देअर?" असं त्यानं दोनदा विचारलं. जाई मधेच फोन ओढून म्हणाली, "आजी, आय पेंटेड युअर डोअर! इट्स यलो!" माझी नात, बारा वर्षांची. तिनं माझ्या बेसमेंटच्या दाराला पिवळा रंग दिला होता. मला भरून आलं आणि मी वा वा म्हणाले, आणि माझ्या बोटाखाली सदतिसावा ठिपका होता.

त्या आठवड्यात मी धड जागी नव्हतेच. भांडी घासताना, कचऱ्याचा डबा कडेला लावताना, ग्रोसरीच्या रांगेत उभी असताना, मी त्या कोऱ्या ढालीत जायची. आत गार, पांढरं, शांत असायचं. भोवती ती सगळी पानं सळसळायची, सिंह घोरायचे, आणि समोर पाठमोरी एक बाई टोचत बसलेली असायची. बाईच होती असं मी धरून चालले, कुणी मला चूक म्हणून दाखवावं. तिला सांगितलेलं होतं की इथे साहेबांचं चिन्ह भरायचं. ती काहीतरी दुसरंच टोचत होती. मी खांद्यावरून वाकून बघायला जायची आणि तेवढ्यात दूध उतू जायचं.

शेवटी मी ठरवलं, आईसारखी पूड टाकून बघायची; मिटत आलेल्या भोकांतूनही ती उतरली असती. आयुष्यात फार थोड्या गोष्टी मी एकटीनं ठरवल्या आहेत, त्यातली ही एक, आणि ती चुकीची होती हे आधीच सांगून टाकते. रांगोळी घरात होती, दिवाळीसाठी आणलेली. पण रांगोळी दगडाची, खरखरीत. त्या म्हाताऱ्या कागदाला ओरखडे गेले तर? म्हणून मी तांदूळ धुऊन वाळवले, मिक्सरमधून काढले, मलमलच्या तुकड्यातून वस्त्रगाळ केले. इतकी मऊ पिठी झाली की बोटाला लागलेली कळेना. ती चिमूटभर मलमलमध्येच बांधून पुरचुंडी केली आणि कार्डिगनच्या खिशात टाकली. मंगळवारी बसमध्ये मी सबंध वेळ खिशावर हात ठेवून होते. त्या दिवशी पेंग आली नाही.

अकराच्या सुमाराला ज्योसेलिन फोन घ्यायला वर गेली. मी छाप काळ्या पुठ्ठ्यावर ठेवला, चारी कोपऱ्यांवर मऊ वजनं ठेवली. पुरचुंडी ढालीवर धरली आणि बोटानं टिचकी मारली. एक, दोन, तीन. आई मारायची तशी, मनगट न हलवता. खोलीत कसलाही आवाज नव्हता. माझं वय किती, गाव कुठलं, मी कुणाची कोण, काही काही उरलं नव्हतं. होते ते दोन हात. मग मी वजनं काढली आणि कागद सरळ वर उचलला.

पुठ्ठ्यावर कोंबडी होती.

चांगली गुबगुबीत, एक पाय पोटाशी घेऊन उभी, मान जराशी वळवून मागे बघणारी. डोळ्याच्या जागी एकच ठिपका, पण असा बसलेला की तिला नक्की कशाचा तरी राग आला होता. मुकुटाखाली, सिंहांच्या वर, जिथे सरदाराचा गरुड का काय यायचा, तिथे घरची कोंबडी. मी मोठ्यानं हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी घाईनं मागे सरकले, पाणी कागदावर पडू नये म्हणून. तेवढी अक्कल शिल्लक होती.

ज्योसेलिन दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. ती पुढे आली, पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघालं, "युन पूल!" म्हणजे कोंबडीच. ती हसली. खरंच हसली, लहान मुलीसारखी, तोंडावर हात ठेवून. मग तिनं कागदाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पुरचुंडीकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"पीठ. तांदळाचं. रांगोळीची पूड खरखरीत असते, कागदाला लागली असती. म्हणून मी मुद्दाम..."

ती खुर्चीवर बसली. "सुनेत्रा, दगडाची पूड असती तर मी ती ब्रशनं झाडली असती. ओरखडाही कदाचित गेला नसता. पीठ म्हणजे किड्यांचं जेवण. ते कागदाच्या धाग्यांत बसतं, निघत नाही. आता किडे मरावेत म्हणून ही आख्खी पेटी फ्रीझरमध्ये जाईल, मग शेजारच्या पेट्या तपासाव्या लागतील."

एकतीस वर्षं मी लॅबमध्ये होते. उघड्या नमुन्यात बाहेरचा कणही जाऊ द्यायचा नाही, हे नव्या मुलींना मी शिकवत होते. आणि कागदाला लागू नये म्हणून, मायेनं, मी त्याला खाऊ घालून ठेवलं. जे छाप किडीनं खाल्लेच नव्हते त्यांच्यावर मी कीड बोलावली. लाज वाटली, इतकी की कान गरम झाले. मी म्हणाले, "मला माहीत होतं की हात लावायचा नसतो. चुकून झालं नाही. मी घरून ठरवून आले होते." हे बोलले नसते तरी चाललं असतं, असं ज्योसेलिनच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चुकून झालं म्हटलं असतं तर तिला अहवालात काहीतरी लिहिता आलं असतं. पण त्या घडीला माझ्याच्यानं खोटं बोलवेना.

"मग मला तुला परत बोलावता येणार नाही," ती म्हणाली. "नियम मीच लिहिलेत." तिनं पुठ्ठ्याचा फोटो मात्र काढला, चार वेळा, वेगवेगळ्या उजेडात. मग माझ्यासमोर यादी उघडून किडीची भोकं हे शब्द खोडले आणि लिहिलं, "हातानं टोचलेली आकृती, कोंबडी." दारापर्यंत आली आणि मला मिठी मारली. तिच्या काळ्या जॅकेटला माझ्या कार्डिगनचं पीठ लागलं. ते तिनं झाडलं नाही.

घरी आले ती कोटासकट खुर्चीत बसून राहिले. बाहेर मेपलची पानं पडत होती आणि ती नुसती पानं होती, त्यांना पुढे काही फुटत नव्हतं. जेवले नाही. माझा मंगळवार गेला होता. ज्या एका खुंटीला मी दोन वर्षं धरून होते ती मी स्वतःच्या हातानं उपटली होती. राजसला कळलं की तो तिकीट काढणार, आणि बरोबरच होतं त्याचं. त्याला न सांगण्याचाही विचार आला. दर मंगळवारी घरातून निघायचं, बसमध्ये बसायचं, खाली एखाद्या दुकानात चहा पिऊन परत यायचं. कॅल्गरीहून त्याला काय दिसणार होतं? मग स्वतःचीच कीव आली. आपल्याच घरात राहायला बाईनं दर आठवड्याला खोटा प्रवास करायचा की काय?

सहा वाजता मी आपण होऊन फोन लावला. कॅल्गरीला चार वाजले होते, मंगळवारी राजस घरून काम करतो. मी सगळं सांगितलं, पीठ, कोंबडी, फ्रीझर. तो इतका हसला की ऊर्मी काय झालं म्हणून विचारायला आली. मग हळूच म्हणाला, "सॉरी आई. आय नो हाऊ मच यू लव्हड इट."

"हं."

"पण एका अर्थी... आता तो प्रश्न मिटला ना? मी नोव्हेंबरचं तिकीट बघतो. घराचं आपण स्प्रिंगमध्ये बघू. ओके?"

माझी मान हलायला लागली होती. फोनवर मान दिसत नाही, तरी हलतेच.

"नको बघूस," मी म्हणाले.

"मग डिसेंबर?"

"डिसेंबर नको, स्प्रिंग नको. मी येत नाही, राजस. भेटायला येईन, चार आठवडे राहीन, तुम्ही कंटाळेपर्यंत राहीन. पण राहायला येणार नाही."

तो म्हणाला, "पण का? नाऊ व्हॉट इज द रीझन? तिथे आता आहे काय तुझं?"

मी कारण शोधलं. खरंच शोधलं, सवयच तशी. शेजारी, मराठी मंडळ, डॉक्टर, बस, चारुदत्तांची खुर्ची. एकेक हातात घेतलं आणि खाली ठेवलं, कारण त्यातलं एकही खरं नव्हतं. "कारण काही नाही," मी म्हणाले. "मला इथे राहायचंय."

"एवढंच?"

"एवढंच. हे मी बाबांनाही कधी सांगितलं नाही. इथे यायचं की नाही तेही नव्हतं सांगितलं. तुला सांगतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर सोपं गेलं असतं. "ठीक आहे," तो म्हणाला, अगदी त्याच्या वडिलांच्या आवाजात. "आय डोन्ट लाइक इट. पण ठीक आहे." आणि मग फोन जाईकडे गेला. तिनं सगळं ऐकलं असावं.

"आजी? सो यू आर नॉट कमिंग?"

एका शब्दाचं काम होतं. एकदा हो म्हटलं असतं तर ती उड्या मारत ऊर्मीकडे गेली असती, राजसनं तिकीट काढलं असतं, मी बॅग भरली असती, आणि आम्ही सगळे किती सुखी झालो असतो. तो शब्द माझ्या जिभेवर अगदी तयार होता. इतकी वर्षं तोच तर म्हणत आले होते.

"नाही गं बाळा," मी म्हणाले.

"ओके," ती म्हणाली. एवढंच. मग फोन बंद झाला. मी तो तसाच कानाशी धरून बसले आणि रडले, चांगली हुंदके देऊन रडले, चारुदत्त गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते. पुन्हा फोन लावावा असं तीनदा मनात आलं. लावला नाही.